पंगतीतून उठलेला पेत्र

शास्त्रभाग: गलतीकरांस पत्र 2:11-21 (पुढे वाचण्याआधी हा भाग कृपया आपल्या बायबलमधून एकदा वाचून घ्यावा.)



इंग्रजी प्रवचनांचा अनुवाद करताना 'पीपल-प्लीझर' हा शब्द वारंवार समोर येतो आणि दर वेळी त्याला मराठीत काय म्हणावे हा प्रश्न पडतो. 'खुशामतखोर' म्हटले तर ते फार कडू होते, कारण खुशामत करणाऱ्याला काहीतरी पदरात पाडून घ्यायचे असते. 'होयबा' म्हटले की साहेबापुढे मान डोलावणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. पण आपल्या घरांत आणि मंडळ्यांत जो माणूस दिसतो तो यापेक्षा पुष्कळ सज्जन असतो. त्याच्यासाठी आपल्याकडे एक जुना शब्द आहे: भिडस्त. गंमत अशी की हा शब्द आपण बहुतेक वेळा कौतुकानेच वापरतो. "फार भिडस्त आहे हो, कुणाला नाही म्हणवत नाही त्याला." स्थळाची चौकशी करायला आलेल्यांना अभिमानाने सांगावा असा हा गुण! त्याच मराठीत 'भीड ही भिकेची बहीण' अशी म्हणही आहे. म्हणजे दोन्ही बाजू आपल्या पूर्वजांना ठाऊक होत्या.

प्रेषित पौलाने अशा माणसासाठी ग्रीक भाषेतला एक जोडशब्द वापरला आहे. त्याचा अर्थ सरळ 'माणसांना खूश करणारा' असा होतो. इफिसकरांस पत्र 6:6 आणि कलस्सैकरांस पत्र 3:22 या दोन्ही ठिकाणी त्या शब्दाच्या शेजारी आणखी एक शब्द येतो: डोळ्यांपुरती चाकरी. मालकाची नजर आहे तोवर हात चालतो, नजर हटली की थांबतो. पौलाला इथे एक महत्त्वाची गोष्ट दिसली आहे. माणसांना खूश करणाऱ्याचे वागणे काय खरे आहे यावर ठरत नाही, कोण पाहत आहे यावर ठरते. नजर बदलली की वागणे बदलते.

अंत्युखियात पेत्राचे नेमके हेच झाले.

अंत्युखिया हे त्या काळचे सुरियातले मोठे शहर. आज ते तुर्कस्तानात अंताक्या नावाने ओळखले जाते. शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा याच शहरात मिळाले (प्रेषितांची कृत्ये 11:26). तिथल्या मंडळीत यहूदी होते, परराष्ट्रीय होते, आणि ते एकत्र जेवत होते. पेत्रही तिथे आला आणि त्यांच्यात बसून जेवू लागला. इथे पाश्चात्त्य प्रवचनकारांना 'यहूद्याने परराष्ट्रीयाबरोबर जेवणे ही केवढी मोठी गोष्ट होती' हे समजावण्यात बराच वेळ घालवावा लागतो. आपल्याला त्याची गरज नाही. कोण कोणाच्या हातचे खातो, कोणाचे पान कोणाच्या शेजारी मांडायचे, यावर आपल्या देशात शतकानुशतके माणसांची किंमत ठरत आली आहे. मराठीत त्यासाठी एक शब्दच आहे, पंक्तिप्रपंच.

यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसे अंत्युखियाला आली. त्यांनी पेत्राला धमकावले असे पौल लिहीत नाही. काही बोलले, असेही लिहीत नाही. ती आली, एवढेच. आणि पेत्र मागे सरू लागला. मूळ क्रियापदांवरून असे दिसते की हे एका फटक्यात झाले नाही, हळूहळू होत गेले. पहिल्या दिवशी 'आज जरा पाहुण्यांबरोबर बसतो' असे झाले असेल. दुसऱ्या दिवशी 'पोट ठीक नाही'. (हा माझा तर्क, शास्त्रवचन नव्हे, पण भिडस्त माणसाची निमित्ते सगळ्या काळात सारखीच असावीत.) मग बाकीचे यहूदी विश्वासणारेही उठून त्याच्याबरोबर गेले आणि शेवटी बर्णबाही त्यात ओढला गेला. परराष्ट्रीयांमध्ये पौलाच्या खांद्याला खांदा लावून काम केलेला बर्णबा! पौलाला ही गोष्ट किती लागली असेल हे त्या 'बर्णबाही'वरून कळते.

आता एक प्रश्न. पेत्राला सत्य माहीत नव्हते काय? त्याच्याइतके कोणालाच माहीत नव्हते. यापो येथे धाब्यावर प्रार्थना करत असताना आकाशातून उतरलेली ती चादर त्यानेच पाहिली होती, तीही तीन वेळा. कैसरियात कर्नेल्य शताधिपतीच्या घरात पाऊल टाकणारा तोच. त्याबद्दल यरुशलेममध्ये जाब विचारला गेला तेव्हा भर सभेत उत्तर देणाराही तोच. त्याचा सिद्धांत एका शब्दानेही बदलला नव्हता. कोणी परीक्षा घेतली असती तर त्याने पूर्ण गुण मिळवले असते. त्याची फक्त बसण्याची जागा बदलली.

पेत्र भित्रा होता, असेही म्हणता येत नाही. मुख्य याजकाच्या अंगणात एका दासीसमोर तो घसरला हे खरे, पण ते पन्नासाव्या दिवसाच्या आधी. त्यानंतर हाच पेत्र न्यायसभेपुढे दोनदा उभा राहिला, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानावी लागते असे तोंडावर सांगितले, फटके खाल्ले आणि आनंद करत बाहेर पडला. न्यायसभेपुढे न डगमगलेला माणूस आपल्याच चार विश्वासू भावांच्या नजरेपुढे डगमगला. हे वाचून मला धक्का बसत नाही, उलट ओळख पटते. विरोधकांपुढे उभे राहायला एक प्रकारचे बळ आपोआप येते. जी माणसे आपलीच आहेत, ज्यांच्यात आपले नाव आहे, ज्यांच्या लग्नाकार्यांत आपण जेवतो, त्यांच्यापुढे ते बळ कुठे जाते कोण जाणे. कंपनीच्या कामासाठी बंगळूर किंवा हैदराबादला एकटा राहणारा तरुण खोलीतल्या मित्रांच्या थट्टेला न जुमानता रविवारी उपासनेला जातो. तोच तरुण सुट्टीत गावी आल्यावर मामांनी ठरवलेल्या हुंड्याच्या बैठकीत मान खाली घालून बसतो.

या प्रसंगात सर्वांत महत्त्वाचे माणूस मला पेत्र वाटत नाही, पौलही वाटत नाही. ज्याच्या शेजारची जागा रिकामी झाली तो परराष्ट्रीय विश्वासणारा वाटतो. त्याचे नाव पत्रात नाही. कालपर्यंत प्रभूचा प्रेषित त्याच्या शेजारी बसून त्याच ताटलीतली भाकर मोडत होता. आज तो पलीकडे बसला आहे, पाठ करून. कोणी अपमानाचा शब्द बोललेले नाही. तरी त्या माणसाला जे कळायचे ते कळले: तू आमच्यात आहेस, पण पूर्ण नाहीस. ख्रिस्त तुझ्यासाठी पुरे नाही, आणखी काहीतरी लागेल. म्हणूनच पौलाने पेत्राला बाजूला घेऊन कानात न सांगता सर्वांसमोर सांगितले. जखम सर्वांसमोर झाली होती.

भिडस्तपणाबद्दल सहसा असे सांगितले जाते की त्यामुळे भिडस्त माणसाचेच नुकसान होते. तो थकतो, चिडतो, स्वतःसाठी त्याला वेळ उरत नाही. हे खरे आहे, पण अर्धे. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. आम्हाला पहिल्याच वर्षी द्विनोंदी पद्धत शिकवतात: एका खात्यात जमा झाले की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात तेवढेच नावे पडते, त्याशिवाय ताळमेळ बसतच नाही. आपला होकारही तसाच आहे. चांगुलपणा आपल्या खात्यावर जमा होतो. नावे कोणाच्या खात्यावर पडतो? साहेबाला दर शनिवारी 'हो' म्हणणाऱ्या बापाची किंमत घरातली मुले भरतात. एका वजनदार पंचाचे मन मोडू नये म्हणून मंडळीचा खजिनदार व्हाउचरशिवाय खर्च मंजूर करतो. तो खर्च नावे पडतो त्या आजीच्या खात्यावर, जिने रविवारी रुमालाची गाठ सोडून दहा रुपये पिशवीत टाकले होते. आणि आपल्या मंडळ्यांतले पंक्तिप्रपंच अजून संपलेले नाहीत हेही बोललेच पाहिजे. उपासनेत सगळे भाऊ आणि बहिणी, पण सोयरीक जुळवताना जुनी जात हळूच विचारली जाते. विचारणारा म्हणतो, "मला काही नाही हो, पण आमच्या नातेवाइकांना काय सांगू?" हेच अंत्युखियातले वाक्य आहे. नातेवाईक खूश होतात आणि एखादी मुलगी नकाराचे खरे कारण कळूनही न कळल्यासारखे करते.

पिलाताकडे पाहा. येशू निर्दोष आहे हे त्याने एकदा नाही, तीनदा बोलून दाखवले. मार्क 15:15 मध्ये त्याच्या निर्णयाचे कारण अगदी थोडक्यात दिले आहे: लोकांना खूश करावे असे त्याला वाटले. त्याने लोकांना खूश केले. त्याची किंमत कोणी भरली हे आपण दर गुड फ्रायडेला ऐकतो. वधस्तंभ ज्या अनेक कारणांनी उभा राहिला त्यांतले एक कारण म्हणजे एका अधिकाऱ्याला जमावापुढे 'नाही' म्हणता आले नाही.

याच संदर्भात पवित्र शास्त्रातला एक भाग मला फार व्यवहारी वाटतो: नीतिसूत्रे 6:1-5. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहून जो आपल्याच शब्दांत अडकला आहे त्याला तिथे सल्ला दिला आहे. व्यापारी कायद्याच्या अभ्यासात आम्ही भारतीय करार कायदा, 1872 शिकतो. त्याच्या कलम 128 नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. सावकार किंवा बँक आधी कर्जदाराच्याच मागे लागेल आणि मग आपल्याकडे येईल, असा अनेकांचा समज असतो. तसे काही नाही. कर्जदाराने हप्ते थकवले की सरळ जामीनदाराकडे येता येते. तरीही गावागावांत पतसंस्थेच्या अर्जावर कितीतरी सह्या केवळ भिडेपोटी होतात. "नुसती सही तर हवी, पैसे थोडेच मागतो आहे" असे म्हटले जाते, समोर चहा ठेवलेला असतो, आणि पेन हातात येते. ज्या शिक्षकाच्या पगारातून पुढे दोन वर्षे दुसऱ्याचे हप्ते कापले जातात त्याच्या बायकोला विचारा ती सही किती मोठी होती.

जामीन राहणे मुळातच पाप आहे असे मात्र शास्त्र म्हणत नाही. यहूदा आपला धाकटा भाऊ बन्यामीन याच्यासाठी बापापुढे जामीन राहिला (उत्पत्ती 43:9) आणि वेळ आली तेव्हा भावाच्या जागी स्वतः दास होऊन राहायला तयार झाला. ती योसेफाच्या कथेतली सर्वांत सुंदर जागा आहे. सही तीच, पण यहूदाने किंमत आधी मोजली होती आणि ती स्वतः भरायला तो तयार होता. भिडस्त माणूस किंमत मोजत नाही. त्याला समोरच्या माणसाचा पडलेला चेहरा फक्त त्या क्षणापुरता टाळायचा असतो. यहूदाच्या सहीत प्रेम होते. या सहीत भीती आहे, आणि तिने प्रेमाचे कपडे घातले आहेत. नीतिसूत्रे 29:25 मध्ये मनुष्याच्या भीतीला पाश म्हटले आहे आणि जामिनाच्या भागातही पारध्याच्या हातून निसटणाऱ्या हरिणीचे आणि पक्ष्याचे चित्र आहे. पाश लागला आहे हे पाखराला पाय उचलेपर्यंत कळत नाही.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर हा लेख चुकीच्या माणसाला लागेल. 'नाही' म्हटले की जिच्या घरात ताट भिरकावले जाते, हात उचलला जातो, अशा बहिणीला मी भिडस्त म्हणत नाही. ती जीव सांभाळते आहे. तिला 'धैर्य धर, माणसांना भिऊ नको' असे प्रवचन देऊन आपण घरी निघून जाणे हीसुद्धा डोळ्यांपुरती चाकरीच होईल. तिच्या बाजूने मंडळीने उभे राहायचे आहे, तिच्या नवऱ्याची आणि त्याच्या घराण्याची भीड न धरता.

मग ज्यांना खरोखर केवळ भीड नडते, त्यांच्यासाठी उपाय काय? आजकाल 'नाही म्हणायला शिका' या विषयावर पुष्कळ पुस्तके मिळतात, कार्यशाळा होतात. त्यांत उपयोगी गोष्टी असतात, मी त्यांना नावे ठेवत नाही. पण पौल पेत्राला काय म्हणाला ते पाहा. तो 'धीट हो' म्हणाला नाही. 'लोक काय म्हणतील याचा विचार सोड' असेही म्हणाला नाही. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात 14 व्या वचनापर्यंत जेवणाचा विषय आहे, आणि 16 व्या वचनापर्यंत पौल थेट सुवार्तेच्या गाभ्याला पोहोचला आहे: मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे, तर येशू ख्रिस्तावरील विश्वासाने नीतिमान ठरतो. पंगतीचा आणि या सिद्धांताचा काय संबंध?

संबंध असा की 'नीतिमान ठरणे' हा न्यायालयातला शब्द आहे. निकालाचा शब्द आहे. भिडस्त माणूस आयुष्यभर निकालाचीच वाट पाहत असतो. सासूच्या चेहऱ्यावर, साहेबाच्या ईमेलमध्ये, पाळकांच्या हस्तांदोलनात, व्हॉट्सॲपवरच्या दोन निळ्या खुणांत तो रोज आपला निकाल शोधतो: मी चांगला आहे ना? मला ठेवून घ्याल ना? पेत्रानेही त्या दिवशी यरुशलेमच्या पाहुण्यांच्या डोळ्यांत हाच निकाल शोधला. पौल त्याला आठवण करून देतो की निकाल लागून गेला आहे. वधस्तंभावर लागला आहे. सर्वोच्च न्यायालयाने दावा निकाली काढल्यावर कोणी त्याच दाव्यासाठी तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात रोज तारीख मागत बसत नाही. बसला तर त्याचा एकच अर्थ होतो, वरच्या निकालावर त्याचा विश्वास नाही. योहान 12:42-43 मध्ये अशा अधिकाऱ्यांची नोंद आहे ज्यांनी येशूवर विश्वास ठेवला, पण सभास्थानातून बाहेर काढतील म्हणून उघडपणे कबूल केले नाही, कारण माणसांकडून मिळणारा मान त्यांना देवाकडच्या मानापेक्षा प्रिय होता. म्हणजे हा केवळ स्वभावाचा प्रश्न नाही. कुठे ना कुठे तो विश्वासाचा प्रश्न होतोच.

आणि वर जामिनाची जी गोष्ट आली ती इब्री लोकांस पत्र 7:22 मध्ये उलटी होऊन परत येते. तिथे येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटले आहे. मूळ कर्जदार आपण. हप्ते थकलेले आपले. जामीनदाराने पूर्ण रक्कम भरली, तीही भिडेपोटी नव्हे. किती भरावे लागेल हे त्याला पहिल्यापासून माहीत होते आणि गेथशेमाने बागेत त्याने ते पुन्हा एकदा पाहिले. आपण ज्यांची मर्जी राखायला धडपडतो त्यांच्यापैकी एकानेही आपल्यासाठी अशी सही केलेली नाही.

प्रभू येशूचे स्वतःचे वागणे या प्रकाशात पाहण्यासारखे आहे. यार्देन नदीत बाप्तिस्मा झाला तेव्हा पित्याची वाणी झाली की हा माझा प्रिय पुत्र आहे, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. तोवर मार्काच्या शुभवर्तमानात येशूने एकही चमत्कार केलेला नाही, एकही प्रवचन दिलेले नाही. शाबासकी कामाच्या आधी मिळाली! म्हणून कफर्णहूमात सारे गाव दाराशी जमल्यानंतर दुसऱ्या दिवशी तो पहाटे एकांतात प्रार्थनेला जाऊ शकला, आणि 'सगळे तुला शोधत आहेत' असा निरोप आला तेव्हा 'चला, आपण दुसऱ्या गावांत जाऊ' असे म्हणू शकला (मार्क 1:35-38). निरोप घेऊन शोधायला आलेल्यांत पुढे कोण होता? शिमोन पेत्र. सगळ्यांना काय हवे आहे याकडे त्याचे लक्ष तेव्हापासूनच होते.

मार्क 10 मधला श्रीमंत तरुण तर मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो. त्याने गुडघे टेकले, चांगला प्रश्न विचारला, आज्ञा पाळल्याचे सांगितले. कोणत्याही मंडळीला असा सभासद हवाच असतो, त्यातून तो पैसेवाला. येशूने त्याच्याकडे पाहिले, त्याच्यावर प्रीती केली, आणि मग त्याला नको असलेली गोष्ट सांगितली. तरुण खिन्न होऊन निघून गेला. येशू त्याच्या मागे धावला नाही. 'बरं, निम्मे विकलेस तरी चालेल' असे म्हणाला नाही. आपल्याला वाटते, प्रेम असेल तर समोरचा दुखावला जाऊच नये. इथे प्रीती आणि दुखावणे एकाच वाक्यात आहेत. येशूला त्या तरुणाकडून काहीच नको होते, म्हणून तो त्याच्यावर खरी प्रीती करू शकला. ज्याच्याकडून आपल्याला पसंतीची भीक हवी असते त्याच्यावर प्रीती करणे फार अवघड जाते.

हे वाचून काही तरुण मित्र लगेच दुसऱ्या टोकाला जातील, त्यांना ब्रेक लावतो आहोत असे समजावे. 'मी माणसांना खूश करत नाही, फक्त देवाला' असे म्हणत घरात आईशी उर्मटपणे बोलणारे आपण पाहतो. आपल्याकडे 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' अशी म्हण आहे आणि पुष्कळांना तीच ख्रिस्ती शिकवण वाटते. ती नाही. पौल 1 करिंथ 4:3-4 मध्ये म्हणतो की माणसांच्या न्यायाचे मला काही वाटत नाही, आणि लगेच पुढे म्हणतो की मी स्वतःचाही न्याय करत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे. जनाची सत्ता गेली म्हणून मनाची सत्ता आली असे नव्हे. हाच पौल रोमकरांस पत्र 15:2 मध्ये प्रत्येकाने शेजाऱ्याला खूश करावे असे सांगतो, पण त्याच्या हितासाठी, उन्नतीसाठी. लुस्त्र येथे त्याने तीमथ्याची सुंता करवली, कारण यहूद्यांमध्ये सेवा करताना ती अडचण होऊ नये. यरुशलेमात तीताची सुंता व्हावी असा दबाव आला तेव्हा तो एक क्षणही नमला नाही. वरवर पाहता हा माणूस आज एक आणि उद्या दुसरे बोलतो असे वाटेल. पण तीमथ्याच्या वेळी नमण्याने ऐकणाऱ्यांचे भले होत होते आणि किंमत पौल-तीमथ्य स्वतः भरत होते. तीताच्या वेळी नमले असते तर किंमत प्रत्येक परराष्ट्रीय विश्वासणाऱ्याने भरली असती.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. आता ज्यांनी आश्रय दिला, शिकवले, त्या इंग्रज भगिनींची मर्जी राखणे किती सोपे आणि व्यवहाराचे होते! रमाबाई परक्या देशात होत्या, लहानगी मनोरमा बरोबर होती. तरी धर्मसिद्धांतांतली जी गोष्ट स्वतः अभ्यासून पटली नव्हती तिला त्यांनी मान डोलावली नाही, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा आक्षेप बिशपांकडून आला तेव्हा तो निमूट मानला नाही, आणि आपला शाकाहारही सोडला नाही. पुढे 1889 मध्ये मुंबईत शारदासदन उघडले, ते नंतर पुण्यात आले. तिथे त्यांनी मुलींवर ख्रिस्ती प्रार्थनेची सक्ती केली नाही, पण आपणहून येऊन बसणाऱ्यांना हाकललेही नाही. 1893 मध्ये त्यावरून मोठे वादळ उठले, प्रतिष्ठित सल्लागारांनी अंग काढून घेतले, पालकांनी अनेक मुलींना नेले. म्हणजे इंग्लंडमध्ये त्या पुरेशा आज्ञाधारक ठरल्या नाहीत आणि पुण्यात त्या विश्वासघातकी ठरल्या. दोन्हीकडची शाबासकी गेली. काही वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा याच बाई तिथून निराधार मुलींना गोळा करून केडगावला घेऊन आल्या. लोकांची मर्जी राखण्यात ज्यांची शक्ती खर्च झालेली नसते त्यांच्याकडे लोकांसाठी काही उरलेले असते.

आता रोजच्या वागण्यातले थोडेसे. 'हो' म्हणण्याआधी मनातल्या मनात विचारावे, हे नावे कोणाच्या पडणार आहे? माझ्याच, आणि मला ते झेपणार असेल, तर आनंदाने म्हणावे. दुसऱ्या कोणाच्या पडणार असेल तर त्याला विचारल्याशिवाय म्हणू नये. पटकन उत्तर सुचत नसेल तर "प्रार्थना करून उद्या सकाळी सांगते" एवढे म्हणण्यात काही उद्धटपणा नाही, मात्र सकाळी खरोखर सांगावे. आणि नकार खोटा नसावा. भिडस्त माणसाचा नकारसुद्धा भिडस्त असतो, म्हणजे घरी पाहुणे येणार असतात, मोबाईलची बॅटरी संपलेली असते. होकार तो होकार आणि नकार तो नकार असावा हे प्रभूने मत्तय 5:37 मध्ये शपथेच्या संदर्भात सांगितले, पण ते बॅटरीलाही लागू आहे. जामीन राहायला नकार दिला तर त्या भावाला वाऱ्यावर सोडून यायचे नाही. त्याच्या शेजारी बसून कर्जाचा हिशोब मांडून द्यावा, आपल्याला झेपेल तेवढी रक्कम परत न मागण्याच्या बोलीने द्यावी. बहुधा ती रक्कम लहान असेल, आणि तो नाराजही होईल. होऊ द्यावे.

ज्यांनी आधीच भिडेपोटी शब्द देऊन टाकला आहे त्यांच्यासाठी नीतिसूत्रे 6 मधला सल्ला वेगळाच आहे. मान ताठ करून जा असे तिथे म्हटलेले नाही. जा, नम्र हो, शेजाऱ्याची विनवणी कर, डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस. आजच जा. चूक सुधारायला जाणे अपमानाचे वाटेल, पण ज्याचा निकाल वर लागून गेला आहे त्याला खाली थोडा अपमान सोसता येतो.

पेत्राला तो सोसावा लागला. भर मंडळीत, एका मागून आलेल्या प्रेषिताकडून, ज्याने पूर्वी मंडळीचा छळ केला होता त्याच्याकडून. त्यावर पेत्र काय म्हणाला, उठून पुन्हा त्या पंगतीत बसला का, हे पौलाने लिहिलेले नाही. पण पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा शेवटचा अध्याय उघडा. पंधराव्या वचनात तो पौलाचे नाव घेतो, त्याच्या पत्रांतल्या काही गोष्टी समजायला कठीण आहेत असेही पुढच्या वचनात मोकळेपणाने म्हणतो, आणि त्याला म्हणतो आपला प्रिय बंधू.